विहिरीतले शिसे

सील केलेली काचेची बाटली कुठे दिसली की ती केस मला आठवते. औषधाच्या दुकानात दिसली तरी आठवते. आत नुसते पाणी असावे आणि त्या पाण्याची एवढी भीती वाटावी, असे माझ्या नोकरीत दुसऱ्यांदा घडले नाही.

मी अधिकारी नव्हते. पेडणे तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यावर होमगार्ड म्हणून बरीच वर्षे काढली. शिक्षण चौथीपर्यंत. ठाण्यात एखादी बाई चौकशीला आणली आणि महिला शिपाई दुसऱ्या बंदोबस्ताला गेलेल्या असल्या, की त्या बाईजवळ बसायचे काम माझ्याकडे येई. बोलायचे नाही, नुसते बसायचे. मला ते बरे वाटे, कारण चार माणसांत बोलायचे म्हटले की माझा आवाज निघत नसे. पण बसून बसून एक समजले. खोटे बोलणारा माणूस साहेबांच्या तोंडाकडे बघत राहतो. घाबरलेला माणूस दाराकडे बघतो.

मे महिना होता. काजूच्या भट्ट्या विझत आल्या होत्या. कोरगावच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी एक वाडा, म्हणजे छोटीशी वस्ती, आहे, त्याचे नाव मी लिहीत नाही. तिथे नळ आहे, पण उन्हाळ्यात तो दमून जातो आणि प्यायला सगळा वाडा एकाच विहिरीवर येतो. चिऱ्यांनी बांधलेली जुनी विहीर. राहाट नाही. काठावर एक काळा दगड आहे, त्याच्यावरून दोरी ओढून बालदी वर काढतात. पिढ्यान्‌पिढ्या दोरी घासून त्या दगडाला खोल खाच पडली आहे. राखणदाराचे, म्हणजे जागेच्या रक्षक देवाचे, स्थानही तोच दगड. विहिरीची राखण तो करतो असे वाड्यावर मानतात.

त्या आठवड्यात वाड्यावर माणसे वांती आणि जुलाबाने पडली. एका म्हाताऱ्याला म्हापशाला इस्पितळात न्यावे लागले आणि त्याचे काही खरे नाही असे लोक बोलू लागले. मग ठाण्यावर फोन आला. फोन करणाऱ्या बाईने नाव सांगितले नाही. तिचे म्हणणे असे, की भायल्या बाईने विहिरीत काहीतरी टाकले, संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला, आणि तिने डोळ्यांनी पाहिले.

भायली म्हणजे बाहेरून आलेली. ही बाई सिंधुदुर्गातली, दोडामार्गाकडची. नवरा तुयेच्या औद्योगिक वसाहतीत बॅटऱ्या दुरुस्त करायच्या कामाला होता. दोघे आणि त्यांची लहान मुलगी, वाड्याच्या टोकाला भाड्याच्या घरात राहत. पाण्यावरून तिची वाड्यावरच्या बायकांशी कुरबुर होती. आधी कोणी भरायचे, बालदी कोणाची, एवढ्यावरूनच.

आम्ही जीपने गेलो. साहेब, हवालदार आणि मी. विहिरीवर सगळा वाडा जमला होता आणि कोणी मोठ्याने बोलत नव्हते. काळ्या दगडाला नवा शेंदूर फासला होता, शेजारी नारळाची भकले पडली होती. म्हणजे पोलिसांच्या आधी राखणदाराला गाऱ्हाणे घालून झाले होते. हवालदाराने बालदी सोडून पाणी काढले, बाटल्या भरल्या, बुचावर फडके बांधून लाख ओतली आणि पितळी शिक्का दाबला. तो माझ्या कानाशी म्हणाला, "आजवर दारूलाच सील लावत आलो. पाण्याला लाख लावायची पाळी पहिल्यांदाच आली." एरवी मी हसले असते.

तेवढ्यात शेजारच्या घरातल्या एका म्हातारीने माझ्यापुढे गुळाचा खडा आणि पाण्याचा कोप, म्हणजे पेला, धरला. घरी आलेल्याला गूळपाणी द्यायचे आणि आलेल्याने ते घ्यायचे, ही आमची रीत. मी घेतले आणि घटाघटा प्याले. कोप परत देताना माझ्या ध्यानात आले, हे पाणी कुठले. म्हातारीच्याही ध्यानात आले. ती कोप हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिली. मी जीपमध्ये जाऊन बसले. त्या दिवसापासून पोटात जरा कुठे दुखले तरी मला घाम फुटे.

साहेबांनी विहीर बंद करायला लावली. टँकर येऊ लागला.

प्रयोगशाळेचा पहिला निरोप फोनवरच आला. पाण्यात शिसे आहे. डोळ्यांना दिसणार नाही, जिभेला कळणार नाही इतके बारीक, पण पिण्याच्या पाण्यात चालते त्याच्या कितीतरी जास्त. साहेबांनी फोन ठेवला आणि हवालदाराला म्हणाले, "नवरा कसल्या कामाला आहे, पुन्हा सांग." दोन पंच घेऊन त्यांनी त्या घराची झडती घेतली. घरामागे पत्र्याखाली जुन्या बॅटऱ्यांतल्या शिशाच्या पट्ट्या पडलेल्या सापडल्या. पंचनामा झाला. ज्या घरात शिसे, त्याच घरातली बाई विहिरीवर दिसलेली. आमच्या खात्यात याला केस उभी राहिली म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला चौकशीला आणले. अटक नव्हती, पण लेखी अहवाल हातात आला की अटक होणार हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. म्हातारा गेला असता तर कलम कुठले लागले असते, हेही ठाऊक होते. ती किडकिडीत होती, पदर दोन्ही हातांनी धरून बसलेली. आणि ती दाराकडे बघत होती.

साहेबांनी विचारले, त्या संध्याकाळी विहिरीत काय टाकलेस.

"काय टाकूक नाय साहेब. पाणी भरूक गेलंय."

"कळशी नव्हती तुझ्या हातात. पाहणारी सांगते."

तिने पुन्हा दाराकडे पाहिले.

"विहिरीकडे पाठ करून उभी होतीस. तोंड का लपवलंस?"

साहेबांचा आवाज कधी चढत नसे. माणूस बोलत नसला की ते थोडी थाप मारत. ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "हे बघ, खोटं बोलून उपयोग नाही. देवळाच्या तळीत मिठाचा एक खडा टाकला ना, तरी प्रयोगशाळेतलं यंत्र सांगतं. कोणी टाकला एवढंच ते सांगत नाही. ते आम्ही शोधतो."

तिचा चेहरा पांढरा पडला. साहेबांनी माझ्याकडे पाहिले. आता ही बोलणार, असे त्यांच्या नजरेत होते. पण ती बोलली नाही. उलट तोंडाला जणू कुलूप लागले. दिवसभर साहेबांनी, मग हवालदाराने, तेच तेच फिरवून विचारले. ती मान हलवत राहिली.

मध्ये साहेब बाहेर गेले तेव्हा मी तिला उंडो पाव आणि चहा दिला. तिने तो बाजूला ठेवला. पाण्याचा कोप दिला, तो हातात धरून बसली. ओठ सुकलेले होते, पण पीत नव्हती. मी तिच्या हातातला कोप घेतला, एक घोट स्वतः घेतला आणि परत दिला. मग ती प्यायली. मला त्या वेळी वाटले, विष घालणाऱ्या माणसाला पाण्याची एवढी भीती वाटेल का? पण वाटेलही. ज्याने घातले त्यालाच जास्त वाटेल. असे दोन्हीकडून मन ओढत होते.

अंधार पडायच्या आत तिला घरी सोडायचे होते. जीप वाड्यावर शिरली तेव्हा माणसे आपापल्या दारांत उभी होती. कोणी शिवी दिली नाही, कोणी दगड मारला नाही. नुसते बघत होते. तिची बालदी आणि दोरी विहिरीवरून उचलून कोणीतरी काजूच्या रानात फेकली होती. घराला कुलूप होते. नवऱ्याचा जबाब झाला होता, आणि तो मुलीला घेऊन दोडामार्गाला भावाकडे गेला होता, मुलीला इथे ठेवायला त्याचा धीर होईना. ती कुलूप उघडून आत गेली आणि आतून आडणा लावल्याचा आवाज आला. साहेबांनी एका शिपायाला तिथे पहाऱ्याला ठेवले. पहारा तिच्यावर की तिच्यासाठी, हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

सकाळी मी तिला आणायला गेले. रात्री ती झोपली नव्हती हे दिसत होते. ठाण्यात बाकावर बसलो, साहेब अजून आले नव्हते. तिने माझ्याकडे न बघता विचारले.

"वयनी, ता यंत्र मीठ पण दाखयता काय गो?"

मला आधी समजलेच नाही. मग अंगावर काटा आला.

"कसला मीठ?"

तिने दाराकडे पाहिले आणि खाली मान घालून सांगितले. मुलीला ताप होता, औषध देऊन उतरत नव्हता. आईने फोनवर सांगितले की दृष्ट लागली असेल, काढ. "मूठभर मीठ चेडवावरसून उतरयलंय आणि पाठमोरी रवान बावीत टाकलंय. मीठ विरघाळला काय ताप विरघाळता, असा आये म्हणता."

"मगे साहेबांक सांगूक नाय कित्याक?"

"सांगलंय तर म्हणतले, करणी केल्यान. विख घातल्यान म्हणान जेल झाली तर कधीतरी सुटान येयन. करणी केल्यान म्हटल्यार माझ्या चेडवाक कोण दारात उभ्या करूचा नाय." पदराने तोंड पुसून ती म्हणाली, "साहेब मिठाचाच नाव घेतल्यानी. माका वाटला, यंत्रान सांगल्यान."

साहेबांची थाप नेमकी जिथे लागायला नको तिथे लागली होती. ज्यांनी कधी असे मीठ टाकले नाही त्यांना हे हास्यास्पद वाटेल. पण आमच्या बाजूला करणी हा शब्द माणसाला चिकटला की तो धुऊन निघत नाही. तिने तुरुंग आणि तो शब्द दोन्ही तराजूत घातले होते आणि तुरुंग हलका ठरवला होता.

साहेब आल्यावर मी त्यांना सांगितले. सांगताना माझी जीभ अडखळली, पण सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, "मीठ टाकलं असेल. मग शिसं काय चालत आलं?" त्यांनी तिच्याकडून पुन्हा सगळे वदवून घेतले, जबाब लिहिला, खाली अंगठा नको सही कर म्हणाले, आणि तिने सही केली. पण विश्वास बसलेला दिसला नाही. त्यांचेही चूक नव्हते. मीठ तोंडी होते, शिसे प्रयोगशाळेने मोजलेले होते.

दुपारी प्रयोगशाळेतल्या मॅडमचा फोन आला. ही फोंड्याकडची तरुण बाई, मोजके बोलणारी. तिने सांगितले की तिला हा नमुना बरोबर वाटत नाही. बॅटरीच्या पट्ट्यांच्या शिशात सहसा दुसराही एक धातू मिसळलेला असतो, कडक व्हावे म्हणून. तो धातू या पाण्यात दिसला नाही. आणि एवढ्या विहिरीतले पाणी एका बालदीवरून ठरवू नये. तिला स्वतः येऊन पाणी घ्यायचे होते.

ती आली तेव्हा बरोबर आम्लाने धुतलेल्या बाटल्या होत्या, प्रत्येक वेगळ्या पिशवीत. एका बाटलीत ती शुद्ध पाणी घेऊनच आली होती. ती तिने विहिरीजवळ उघडली, थोड्या वेळाने बंद केली आणि ठेवून दिली. हवालदाराने विचारले, हे कशाला? ती म्हणाली, "इथली हवा, धूळ, माझा हात, यातून शिसं येतं का ते कळायला. नाहीतर माझीच चूक या बाईच्या गळ्यात पडायची." मग तिने वजन बांधलेली बाटली दोरीने सोडून तळाचे पाणी घेतले. ही दोरी तिने हातानेच मधोमध धरली होती, काठाला लागू दिली नव्हती. मग मधले घेतले, मग वरचे. शेवटी वाड्यावरच्याच बालदीने, वाड्यावरच्याच दोरीने पाणी काढायला सांगितले आणि त्यातलेही घेतले.

सगळा वाडा लांब उभा होता. राखणदाराला ज्यांनी गाऱ्हाणे घातले होते, ते वाड्यावरचे जुने गावकरी पुढे होते. त्यांना सगळे आबा म्हणत. वाड्यावरचा शेवटचा शब्द त्यांचा. वाकून बाटली वर घेताना मॅडमने आधारासाठी काळ्या दगडावर हात ठेवला.

"बाये, थंय हात लाव नको. राखणदाराची जागा ती," आबा म्हणाले.

तिने हात उचलला. पांढरा हातमोजा लाल झाला होता. ती बघत राहिली. मग तिने दगडावरची खाच पाहिली, खाचेत रुतून घासणारी दोरी पाहिली. दोरी हातभर लांबपर्यंत लाल होती. बालदीतल्या पाण्यावर तेलाचा तवंग होता, त्यातही बारीक लाली.

"आबा, हा शेंदूर कधी लावला?"

"लोक वांतीन पडले तेन्ना. बाव राखूक."

"त्याआधी लावत होता?"

"नाय. आदी फूल आणि दिवो. ह्या खेपेक भंय दिसलां, म्हणान तेलात कालवून भरपूर लायलो. म्हापशाच्या बाजारातलो."

मॅडमने तो मोजा काढून पिशवीत टाकला, दगडावरचा थोडा शेंदूर खरवडून पुडीत घेतला आणि आबांकडून डब्यात उरलेलाही मागून घेतला. आबांनी दिला. डबा देताना त्यांची नजर दगडावरून हटत नव्हती. त्यांना काही सांगितलेले नव्हते, तरी.

जीपमध्ये साहेबांनी विचारल्यावर ती एवढेच म्हणाली, की जुन्या पद्धतीचा शेंदूर शिशापासूनच करतात. आता बाजारात तऱ्हेतऱ्हेचे मिळतात. तपासल्याशिवाय ती लिहून देणार नव्हती.

अहवाल येईपर्यंतचे दिवस वाईट गेले. त्या बाईला रोज ठाण्यावर हजेरी होती. ती बाकावर बसे, मी तिच्या शेजारी. बोलणे संपले होते.

अहवाल आला. तळाच्या पाण्यात शिसे नाही. मधल्यातही नाही. वरच्या पाण्यात थोडे शिसे. वाड्यावरच्या दोरीने काढलेल्या बालदीत सर्वांत जास्त. मॅडमने उघडून ठेवलेली बाटली स्वच्छ, आणि शेंदराची पुडी म्हणजे जवळजवळ शिसेच. इस्पितळातूनही कळले की म्हाताऱ्याला झाला तो पोटाचा संसर्ग होता. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खाली गेले होते, गाळाचे पाणी पिऊन माणसे पडली होती. म्हातारा वाचला. शिसे आले ते माणसे पडल्यानंतर, विहीर राखायला म्हणून.

साहेबांनी मॅडमला फोनवर जरा लाजतच विचारले, की मिठाचे काय. मॅडम हसली असावी, कारण साहेबही हसले. तिने सांगितले म्हणे, की विहिरीच्या पाण्यात मीठ असतेच, त्यातून कोणाचे मूठभर ओळखणारे यंत्र तिच्याकडे नाही. "तुम्ही सांगितलंत तेवढं ते हुशार नाही."

साहेबांनी वाड्यावर जाऊन देवळासमोर सगळ्यांना अहवाल सोप्या शब्दांत सांगितला. मिठाचे नाव काढले नाही. मीच त्यांना तशी विनंती केली होती. आबा खाली बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे राखणदाराच्या नावान आमीच..." पुढचे त्यांच्याने बोलवले नाही. मग एकेक आई आपापल्या पोराला जवळ ओढू लागली, कारण दगडाला शेंदूर लागला त्यानंतर विहीर बंद होईपर्यंत पाणी सगळ्यांनी प्यायले होते. आरोग्य केंद्राने सगळ्यांचे रक्त तपासले. माझेही. माझ्यात आणि पोरांत काळजीसारखे काही निघाले नाही, पण उत्तर येईपर्यंत मला जेवण गेले नाही.

विहीर उपसली. दगड घासून धुतला, तेल आणि शेंदराचा कण राहू दिला नाही. दोरी जाळली. आता राखणदाराला फूल आणि दिवा, पूर्वीसारखा. पाणी पुन्हा तपासले, ते स्वच्छ निघाले. कोणावरही गुन्हा नोंदला नाही. त्या बाईची माफी कोणी मागितली असे मी ऐकले नाही. पण एका सकाळी तिच्या पायरीवर तांबड्या भाजीची जुडी ठेवलेली होती, कोणी ठेवली ते कळले नाही. थोड्या दिवसांनी नवरा मुलीला घेऊन परत आला.

पुढच्या वर्षी त्या गावच्या काल्याच्या उत्सवाला बंदोबस्तासाठी माझी नेमणूक झाली. सकाळी तहान लागली म्हणून विहिरीकडे गेले. बायकांची रांग होती. ती रांगेत होती, मधेच, कोणी तिला मागे ढकललेले नव्हते. मला बरे वाटले. फोन करणारी बाई त्या रांगेत होती का, हे मला कधी कळले नाही.

तिची पाळी आली. तिने बालदी सोडली, पाणी काढले. आणि कळशीत ओतायच्या आधी बालदी काठावर टेकवून ओंजळीने पाणी प्यायली. मला वाटले तहान लागली असेल. शेजारी उभी असलेली बाई हळूच म्हणाली, "रोज तशीच पिता. सांगूक कोण गेल्लो नाय तिका."

पोलिसांच्या नोकरीत मी एक शिकले. निर्दोष असल्याचा कागद ठाण्यात राहतो, फायलीत. माणूस घरी जातो तो कागद न घेता. वाड्यावरच्या डोळ्यांत ज्याने एकदा आपल्याबद्दलची भीती पाहिली, त्याला रोज पाहावे लागते की भीती अजून आहे की गेली. ते मोजायचे यंत्र फोंड्याच्या मॅडमकडेही नव्हते.

तिने मला ओळखले. मान थोडी हलवली, हसली नाही. मग हात पुसून ती क्षणभर तशीच उभी राहिली, विहिरीकडे पाठ करून, रांगेकडे तोंड करून. सगळ्यांना नीट दिसेल एवढा वेळ. मग कळशी भरली आणि दोरी पुढच्या बाईच्या हातात दिली.